पोटावरचे वण आणि तेलाची बाटली

प्रश्न असा आला आहे: पहिलं बाळंतपण, पाचवा महिना सुरू. आई म्हणते खोबरेल लाव, सासूबाईंचा भर तीळतेलावर, जाऊबाईंनी ‘स्ट्रेच मार्क्ससाठी खास’ म्हणून बदाम तेलाची महागडी बाटली आणून दिली. आईच्या पोटावर भरपूर वण आहेत, त्यामुळे धास्ती. नेमकं कुठलं तेल, कधीपासून लावायचं? आणि कॉलेजात असताना मांड्यांवर आलेले पांढरे वण त्याच तेलाने जातील का?

त्वचारोगतज्ज्ञ म्हणून रोज ओपीडीत ऐकू येणारा प्रश्न आहे, तेव्हा आधी सरळ उत्तर देते. तिन्हींपैकी कुठलंही तेल वण टाळण्याची हमी देत नाही. मांडीवरचे पांढरे वण तेलाने जाणार नाहीत. तरीही तेल जरूर लावा, फक्त ते कशासाठी लावतोय हे नीट कळलं की बाटलीवर किती पैसे घालायचे हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

वण पडतो तो कातडीच्या वरच्या पापुद्र्यात पडत नाही. त्याखाली डर्मिस नावाचा जाड थर असतो, त्यात कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे तंतू विणलेले असतात, आणि फाटतात ते हे तंतू. वरची कातडी अखंडच राहते. तेल ‘मुरलं’ असं आपण म्हणतो तेव्हा ते सगळ्यात बाहेरच्या, मृत पेशींच्या थरात मुरलेलं असतं. तेलातले मेदाचे रेणू मोठे असतात, डर्मिसपर्यंत कामाचं काही पोचत नाही. साडीला वरून कितीही इस्त्री केली तरी आतल्या फॉलची उसवलेली शिवण जुळत नाही, तसंच हे.

शिवाय नुसतं ताणलं गेल्याने वण पडतात असंही नाही. जुळ्यांची आई कोऱ्या पोटाने घरी जाते आणि जेमतेम पोट दिसणाऱ्या मुलीला बेंबीपासून ओटीपोटापर्यंत रेघाच रेघा, हे नेहमी पाहायला मिळतं. गर्भारपणात संप्रेरकं बदलतात. कॉर्टिसॉलसारखी स्टेरॉइड संप्रेरकं नवं कोलॅजेन तयार होण्याचा वेग मंदावतात आणि तंतू कमजोर पडतात. अशात ताण आला की ते तुटतात. आईला किंवा बहिणीला वण असणं, वय कमी असणं, गर्भ राहण्याआधीच वजन जास्त असणं, नऊ महिन्यांत वजन भराभर वाढणं, बाळ मोठं असणं, या गोष्टींनी शक्यता वाढते. विशीच्या आतल्या मुलींना ते जास्त पडतात, पस्तिशीतल्या पहिलटकरणीला कमी. यातलं आईकडून आलेलं आणि वय तुमच्या हातात नाही. वजन थोडंफार आहे. गर्भ राहण्याआधी वजन उंचीच्या मानाने ठीक असेल तर पूर्ण गर्भारपणात 11.5 ते 16 किलो वाढ धरतात. ती हळूहळू व्हावी एवढंच बघायचं. ‘दोन जिवांचं खा’ म्हणून ताटात पडणारा तिसरा लाडू वणांच्या हिशोबातही जमेस धरा. मात्र वण पडू नयेत म्हणून जेवण कमी करणं, हे मी कुणालाही करू देत नाही.

आता अभ्यास काय सांगतात. गर्भारपणात वण टाळण्यासाठी लावायच्या क्रीम-तेलांवरचे विश्वासार्ह प्रयोग एकत्र करून 2012 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला. सहा प्रयोग, सुमारे 800 बायका. निष्कर्ष असा की कुठलंही लेपन वण टाळतं याला भक्कम पुरावा नाही. कोको बटरचं इतकं नाव आहे, पण लेबनॉन आणि जमैकात त्याच्या रीतसर चाचण्या झाल्या तेव्हा खरं कोको बटर लावणाऱ्या आणि साधं क्रीम लावणाऱ्या बायकांत फरक दिसला नाही. ऑलिव्ह तेलावर इराणमध्ये एकाहून अधिक प्रयोग झाले, त्यांतही हाती काही लागलं नाही.

बदाम तेलाची जाहिरात ज्याच्या जोरावर चालते तो अभ्यास तुर्कस्तानातला, 2012 मधला. पहिलटकरणींचे तीन गट होते. पहिला गट बदाम तेल लावून पंधरा मिनिटं मालीश करायचा, दुसरा तेच तेल नुसतं लावायचा, तिसरा काहीच करायचा नाही. वण पडले पहिल्या गटात 20 टक्के बायकांना, दुसऱ्यात 38.8 टक्के, तिसऱ्यात 41.2 टक्के. म्हणजे नुसतं तेल लावणाऱ्या आणि काहीच न लावणाऱ्या बायकांत म्हणण्यासारखा फरक नाही, जो काही दिसतो तो मालीश करणाऱ्यांत. अभ्यास लहान, जेमतेम दीडशे बायकांचा, आणि आपण मालीश करतोय की नाही हे बाईला माहीत असणारच, त्यामुळे मी त्यावर फार मोठा इमला उभारणार नाही. पण त्याचा फायदा जर कुणाच्या खात्यावर मांडायचाच असेल तर तो हाताच्या खात्यावर मांडा, बाटलीच्या नव्हे. जाहिरातीत नेमकं उलटं होतं.

मग तेल लावायचंच कशाला? खाजेसाठी आणि कोरडेपणासाठी. सहाव्या-सातव्या महिन्यात पोटाची कातडी ताणली जाते, कोरडी पडते, खाजते. खाजवून ओरखडे उठतात, त्यावर काळे डाग पडतात, आणि आपल्या सावळ्या कातडीवर ते डाग वणांपेक्षाही उठून दिसतात. तेलाने कातडीतला ओलावा उडून जाणं कमी होतं, खाज शमते, नखं लागत नाहीत. हा फायदा खरा आहे आणि त्याला महागडी बाटली लागत नाही.

गंमत म्हणजे ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वी नोंदली गेली आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीच्या सातव्या महिन्याचं वर्णन करताना पोटावरची खाज, जळजळ आणि ‘किक्किस’ म्हणजे हेच वण, यांचा उल्लेख येतो. बाळाला केस फुटतात म्हणून आईला जळजळ होते असं बायका म्हणतात, असं सांगून संहितेतले गुरू आत्रेय ते खोडून काढतात आणि वाढत्या गर्भाच्या दाबाकडे बोट दाखवतात. उपचारांत लेप, तेल आहेत, पण मला त्यातली आवडती सूचना म्हणजे खाजवू नये, कातडी फाटून विद्रूप होऊ नये म्हणून. ती आजही जशीच्या तशी लागू आहे. त्याच ठिकाणी कण्हेरीच्या पानांनी सिद्ध केलेलं तेलही सांगितलं आहे, ते मात्र घरी करायला जाऊ नका. कण्हेर हृदयावर परिणाम करणारं जहाल विष आहे.

कुठलं तेल, हे आता बघू. खोबरेल चालेल. फिलिपिन्समध्ये 2004 साली कोरड्या कातडीवर खोबरेल आणि खनिज तेल अशी तुलना झाली, दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. खोबरेल स्वस्त आहे, घरात असतं, अंगाला लावायची सवय असते. उन्हाळ्यात ज्यांना पाठीवर-छातीवर पुळ्या येतात त्यांना ते जड होतं. तुम्हाला येत असतील तर पोटापुरतंच ठेवा.

सूर्यफूल आणि करडई ही दोन तेलं लोक कढईत ओततात आणि अंगाला लावायला कमी लेखतात. दोन्हींत लिनोलेइक आम्ल भरपूर असतं, जे कातडीचा बाहेरचा थर शाबूत ठेवायला मदत करतं. इंग्लंडमध्ये 2013 साली मोठ्या माणसांच्या हातावर ऑलिव्ह आणि सूर्यफूल तेल काही आठवडे लावून पाहिलं. ऑलिव्हने बाहेरचा थर विस्कळीत झाला, किंचित लालीही आली. सूर्यफुलाने थर शाबूत राहिला. सोलापूर-मराठवाड्याकडे माहेर असेल तर करडईचं घाण्याचं तेल सहज मिळेल, पातळ असतं, वास सौम्य असतो. ते वापरायला माझी काहीच हरकत नाही, उलट ऑलिव्हच्या आयात बाटलीपेक्षा मी तेच सांगेन.

सासूबाईंचं तीळतेलही चालतं. कुणाकुणाला तिळाची ॲलर्जी असते, तेवढं पाहावं. कोकणातल्या बायका कोकमाचं तेल विचारतात, ते मुठीने वळलेले गोळे, काही भागात मुठेल म्हणतात तर कुठे भिरंडेल. ते थंडीत भेगाळलेल्या टाचांना फार छान. पोटावर एकटं लावायला घट्ट पडतं, थोड्या खोबरेलात वितळवून घेतलं तर नीट पसरतं. त्याचंही काम ओलावा धरून ठेवणं, वण थोपवणं नाही. मोहरीचं तेल टाळा, ते झोंबतं आणि कातडीच्या बाहेरच्या थराला त्रास देतं.

बदाम तेलाचं म्हणाल तर जाऊबाईंची बाटली उलटी करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. ‘बदाम तेल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक केसांच्या तेलांत पहिला घटक असतो लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल, मग सुगंध, आणि शेवटी कुठेतरी बदाम. पॅराफिन कातडीला वाईट नाही, पण मग बदामाचे पैसे कशाला? खरं गोड बदामाचं तेल असेल तर बिनधास्त वापरा, कुणी प्रेमाने आणलंय ते फेकू नका. संपलं की दुसरी बाटली मात्र आणू नका. कडू बदामाचं अर्क-तेल ऑनलाइन मिळतं, त्याच्या वाटेला जाऊ नका, त्यात सायनाइडचा धोका असतो.

काही गोष्टी मी गर्भारपणात स्पष्ट बंद करते. लॅव्हेंडर, टी-ट्री, लिंबूवर्गीय अशी एसेन्शियल तेलं थेट कातडीवर नकोत. लिंबू-संत्र्याच्या सालीची काही तेलं आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजते आणि मग महिनोन्महिने काळी राहते. कापूर घातलेलं तेल नको, सांध्यांसाठीची तयार औषधी तेलं नकोत. काष्ठौषधींच्या दुकानात कुणी बावचीचं तेल हातात दिलं तर ते परत करा. ते कोडासाठी वापरतात, उन्हात त्याने फोड येतात. हल्ली क्रीमवर ‘बाकुचिओल’ असं लिहिलेलं असतं, तो बावचीतून वेगळा काढलेला घटक असतो, त्याचा आणि या तेलाचा घोळ करू नका. रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइन (दोन्ही ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातीची) असलेली कुठलीही क्रीम या काळात नको, रात्री तोंडाला लावायच्या क्रीमसुद्धा तपासा.

लावायची पद्धत. पाचवा महिना ही वेळ चांगली आहे, कारण बहुतेकींना वण सहाव्या-सातव्या महिन्यापासून दिसू लागतात. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून एक दिवस थांबा, पुरळ-खाज आली नाही तर पुढे जा. अंघोळीनंतर अंग टिपून घ्यायचं, पूर्ण कोरडं करायचं नाही, आणि ओलसर कातडीवर चमचाभर तेल चोळायचं. पोटावर तळहात सपाट ठेवून हलक्या हाताने, दाब न देता. कुल्ले, मांड्यांचा बाहेरचा भाग आणि स्तनांच्या बाजूंना विसरू नका, वण तिथेही पडतात. पाच महिन्यांनंतर फार वेळ उताणं पडून मालीश करून घेऊ नका. गर्भाशयाच्या भाराने मागची मोठी शीर दबते आणि चक्कर येते. कुशीवर वळून किंवा टेकून बसून करा. जांघेत आणि स्तनांखाली तेल थापू नका, घामात तिथे बुरशी धरते. आणि बाथरूममध्ये उभं राहून तेल लावणं बंद. पलंगावर बसून लावा, तळपाय पुसून मगच उठा. वणांपेक्षा घसरून पडण्याची मला जास्त काळजी असते.

तेलाचा वास खवट झाला की टाकून द्या. घाण्याचं तेल असेल तर लहान बाटली आणा, खिडकीत उन्हात ठेवू नका.

आता थोडं थांबून वाचा, कारण तेलाच्या चर्चेत हा भाग नेहमी राहून जातो. गर्भारपणातली सगळी खाज कातडी ताणल्याची नसते. शेवटच्या तीन महिन्यांत तळहात आणि तळपाय खाजू लागले, रात्री खाज वाढली, आणि अंगावर ओरखड्यांखेरीज पुरळ काहीच नाही, तर तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांना फोन करा. यकृतातून पित्त नीट वाहत नसल्याचं ते लक्षण असू शकतं, त्याला कोलेस्टॅसिस म्हणतात. रक्तातली पित्ताम्लं आणि यकृताची तपासणी करावी लागते. त्यांचं प्रमाण फार वाढलं तर पोटातल्या बाळाला धोका असतो. लघवी गडद, डोळे पिवळे असं काही दिसण्याची वाट पाहू नका, बऱ्याचदा ते दिसतच नाही. ‘पोट वाढतंय, खाजणारच’ असं घरातले म्हणतील. पोट वाढल्याने तळवे खाजत नाहीत.

दुसरा प्रकार घाबरवणारा पण निरुपद्रवी. पहिलटकरणीला शेवटच्या आठवड्यांत वणांवरच लालसर, उठावदार, भयंकर खाजरं पुरळ येतं, मांड्यांवर पसरतं, बेंबीभोवतीची जागा मात्र कोरी सोडतं. बाळाला त्याचं काही होत नाही, बाळंतपणानंतर ते बसतं. तेलाने ते जात नाही, त्याला औषध आहे, दाखवायला या.

तुमच्या मांड्यांवरच्या पांढऱ्या वणांकडे वळते. वयात येताना उंची-वजन झपाट्याने वाढतं तेव्हा मुलींना मांड्या-कुल्ल्यांवर आणि मुलांना कमरेवर आडव्या रेघा पडतात. उंच मुलांच्या पाठीवरच्या या रेघा पाहून कुणी मारलं का, अशीही शंका घेतली जाते, इतक्या त्या पट्ट्याच्या वळांसारख्या दिसतात. वण ताजा असताना लाल किंवा जांभळट असतो, आपल्या रंगावर कधी गडद तपकिरी, किंचित उंच लागतो. वर्षा-दीड वर्षात तो फिका पडून पांढरट, चपटा, सुरकुतलेला होतो. तुमचे त्या शेवटच्या टप्प्यात आहेत. तिथे जखम भरून निघाल्याचा व्रण तयार झालेला आहे, त्यावर तेलाने तात्पुरती चकाकी येते, एवढंच.

औषधाने तरी किती फरक पडतो ते सांगते, म्हणजे तेलाच्या जाहिरातीतल्या ‘आधी-नंतर’ फोटोंकडे कसं पाहायचं ते कळेल. ताज्या लाल वणांवर ट्रेटिनॉइन क्रीमचा 1996 साली अमेरिकेत नीट प्रयोग झाला. सहा महिने रोज लावल्यावर वणांची लांबी सरासरी 14 टक्के आणि रुंदी 8 टक्के घटली. थेट डर्मिसवर काम करणाऱ्या, डॉक्टरी देखरेखीतल्या औषधाचा हा निकाल. मग दोन महिन्यांत ‘वण गायब’ करणाऱ्या तेलाच्या फोटोत प्रकाश कुठून टाकलाय ते बघा. पांढऱ्या वणांसाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी कातडी टोचणं) आणि फ्रॅक्शनल लेझर (लेझरचे बारीक ठिपके मारणं) आहेत. वण थोडे बुजतात, पूर्ण जात नाहीत. सावळ्या रंगावर लेझरनंतर काळे डाग पडण्याची भीती असते, म्हणून ब्यूटी पार्लरमध्ये करून घेऊ नका.

मांडीच्या आतल्या बाजूला, अगदी जांघेतच वण असतील तर मी आणखी एक प्रश्न विचारते: तिथे नायट्यावर कधी मेडिकलमधून ट्यूब आणून लावली होती का? आपल्याकडे गजकर्ण-नायट्यासाठी बुरशीनाशक, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र असलेल्या ट्यूब सर्रास मागितल्या जातात. आठवडाभरात खाज थांबते, म्हणून माणूस महिने-महिने लावत राहतो, आणि जांघेच्या पातळ कातडीवर रुंद, खोल वण पडतात. ते कायमचे. तुम्ही किंवा यजमान अशी ट्यूब वापरत असाल तर ती बंद करून दाखवून घ्या. आणि गर्भारपण नसताना, वजन फारसं वाढलेलं नसताना पोटावर बोटाएवढे रुंद जांभळे वण आले, थोडं लागलं तरी काळं-निळं होऊ लागलं, जिना चढताना मांड्या लटपटू लागल्या, तर तो कुशिंग सिंड्रोमचा, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल फार वाढल्याचा, इशारा असू शकतो. त्याला रक्ततपासणी लागते.

बाळंतपणानंतरचं थोडक्यात. मालीशवाल्या बाई येतील, शेक-शेगडी होईल, ते तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे होऊ द्या, शरीराला बरंच वाटतं. सिझेरियन झालं तर टाक्यांवर आणि आसपास डॉक्टर हो म्हणेपर्यंत तेल नाही, साधारण सहा आठवडे धरून चाला, आणि बाईंनाही तसं आधीच बजावून ठेवा, पोट ‘आत घालायला’ जोर लावू देऊ नका. तेल लावून लगेच वर पोटपट्टा आवळला की घामोळं आणि पुळ्या ठरलेल्या, दोन्हींत तासाभराचं अंतर ठेवा. बाळाला पाजण्याआधी स्तनांवरचं तेल पुसून घ्या. बाईंच्या तेलात कापूर नाही ना ते विचारा, नवजात बाळाच्या बाबतीत त्यात तडजोड नाही.

वण पडलेच तर बाळंतपणानंतर पहिले काही महिने, ते लाल असतानाच, एकदा दाखवा. उपचारांचा त्यातल्या त्यात उपयोग त्या टप्प्यात होतो. मात्र बाळ अंगावर पीत असताना कुठली क्रीम चालेल हे विचारूनच ठरवायचं, तेव्हा येताना बाळाची फाइलही घेऊन या.